कसारा घाट, ऑटोमॅटिक पिकअप आणि एक्झॉस्ट ब्रेक

माझ्या मामेभावाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. मागच्या सीझनला त्याने ऑटोमॅटिक डिझेल पिकअप घेतली आणि पहिल्याच खेपेला द्राक्षाचे कॅरेट भरून वाशीला निघाला, कसारा घाट निम्मा उतरला तोवर ब्रेकचे लायनर जळल्याचा वास सुरू, आणि शेवटच्या वळणांवर तर ब्रेकचं पेडल मऊ पडून जवळजवळ खालीच टेकायला लागलं. गाडी कशीबशी बाजूला घेतली आणि तासभर थांबला. मग कोणीतरी त्याला म्हणालं ट्रकसारखा एक्झॉस्ट ब्रेक (धुराच्या पाइपात झडप मिटवून इंजिनकडूनच गाडी रोखायची सोय) बसवून घे, की लगेच मला फोन, "दादा, बसवू का?" मी म्हटलं थांब, आधी तुझा गिअरबॉक्स काय करतो ते बघू. त्याला ते पटेना, ब्रेक सायलेन्सरच्या पाइपात बसणार तर गिअरबॉक्सचा काय संबंध? संबंध आहे, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

आधी घाटात नक्की काय होतं ते बघू. गाडी आणि माल मिळून ३ टन धरा, उतार ३०० मीटरचा धरा. एवढं वजन एवढं खाली आणताना जवळपास ८८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे साधारण २८ लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध थोडी खातो, पण बाकीची जाणार कुठे? तुम्ही फक्त पेडलवर पाय ठेवून उतरलात तर ती सगळी डिस्क आणि ड्रमच्या लोखंडात जाते. ते लोखंड ४० किलो धरलं आणि थंड व्हायला वेळच मिळाला नाही असं मानलं तर तापमान ४५०-५०० डिग्रीने वाढेल. प्रत्यक्षात वारा लागतो, तेवढं चढत नाही, पण लायनरची पकड सुटायला त्याच्या निम्मंही पुरतं.

त्यात ब्रेक ऑइल. डॉट ३ या प्रतीचं नवं ऑइल निदान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि पाणी धरलेल्या ऑइलची हमी १४० डिग्रीवर येते. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे, बुडबुडे दाबले जातात आणि पाय खाली जातो, भावाचं बहुतेक तेच झालं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच होतं की एक्झॉस्ट ब्रेकचं नंतर, आधी ऑइल बदल.

आता इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर सोडला की इंजिन स्वतःच गाडी रोखतं ते. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त म्हणून ते गाडी जास्त रोखतं असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, पण ते खरं नाही. सायकलचा पंप घ्या, तोंड अंगठ्याने बंद करा आणि दांडा दाबा, ताकद लागते, पण सोडला की दांडा स्वतःच परत वर येतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी बरीचशी ऊर्जा परत देते, डिझेलच्या सिलिंडरमध्ये हेच होतं. पेट्रोल गाडीत ॲक्सिलेटर सोडला की हवेच्या वाटेवरची झडप मिटते आणि पिस्टनला अडलेली हवा ओढत बसावं लागतं म्हणून गाडी धरली जाते, डिझेलला हवा मोकळीच असते.

यावर दोन उपाय निघाले. एक क्लेसी कमिन्स यांचा, पुण्यातली कमिन्स कंपनी ज्यांच्या नावाची तेच. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅहोन घाटात त्यांच्या डिझेल ट्रकचे ब्रेक गेले, खाली रेल्वे फाटकात मालगाडी जात होती आणि ती थोडक्यात चुकली. ते त्यांच्या डोक्यातून गेलंच नाही, पुढे त्यांनी अशी युक्ती काढली की हवा पूर्ण दाबली गेली की नेमका तेव्हाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (सिलिंडरमधला धूर बाहेर सोडणारी झडप) उघडायचा, म्हणजे स्प्रिंग परत ढकलायच्या आतच हवा सोडून द्यायची. १९६१ पासून तो ब्रेक बाजारात आला, त्यालाच जेक ब्रेक म्हणतात.

एक्झॉस्ट ब्रेक त्याहून साधा. टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा भरणाऱ्या पंख्याच्या) पुढे धुराच्या पाइपात एक झडप बसते, ती मिटली की धूर बाहेर टाकायच्या स्ट्रोकला पिस्टनला तुंबलेल्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. हिशोब करून बघा, १.९ लिटरचं इंजिन, मागे ३ बारचा दाब (१ बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब), ३००० आरपीएम, तर सुमारे १४ किलोवॅट एवढी रोखायची ताकद मिळते. आणि ३ टनाची गाडी २० मीटरला १ मीटर अशा उतारावर ४० च्या स्पीडने धरून ठेवायला साधारण १६ किलोवॅट लागतात, त्यातले थोडे टायर आणि वारा देतातच. म्हणजे पायाचा ब्रेक जवळपास मोकळा! पण आरपीएम १५०० वर आलं की ती ताकद निम्मी होते, हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे. (दाब हवा तेवढा वाढवताही येत नाही, फार झाला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्वतःच्या स्प्रिंगला न जुमानता उघडायला लागतो.)

मॅन्युअल गाडीत चाकं आणि इंजिन क्लचने घट्ट बांधलेली असतात. ऑटोमॅटिकमध्ये मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेलात समोरासमोर फिरणारी दोन पाती, एकाने तेल फेकायचं आणि दुसऱ्याने त्या जोरावर फिरायचं. उतारावर चाकांनी इंजिनला फिरवायचं असतं, आणि तुम्ही एक्झॉस्ट ब्रेक लावला की इंजिन मंद होतं, तेल घसरतं, आरपीएम पडतं, आरपीएम पडलं की ब्रेकची ताकद पडते आणि गाडी चालली पुढे. वरून तेल घुसळून गिअरबॉक्स तापतो तो वेगळाच. म्हणून कन्व्हर्टरच्या आत एक लॉक-अप क्लच असतो, तो बसला की दोन्ही पाती एक होतात आणि गाडी मॅन्युअलसारखी बांधली जाते. अडचण अशी की बऱ्याच गिअरबॉक्सना ॲक्सिलेटर सोडला की लॉक-अप सोडून द्यायची आणि तेलाचा दाब कमी करायची सवय असते, कारण आरामात चालवताना तेच बरं वाटतं. त्या कमी दाबावर बाहेरून एक्झॉस्ट ब्रेकचा भार टाकला की आतले क्लच घसरून जळतात.

अमेरिकेत रॅम पिकअपच्या ६.७ लिटर कमिन्स इंजिनात २००७ पासून कंपनीचाच एक्झॉस्ट ब्रेक आहे, वेगळी झडपही नाही, टर्बोच आतली धुराची वाट अरुंद करून दाब तयार करतो, आणि ब्रेक चालू असताना इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असतात, लॉक-अप धरून ठेवायचा, गिअर खाली घ्यायचा, चाक घसरलं तर ब्रेक सोडायचा. नुसती झडप आणून वेल्डिंग केली तर हे बोलणं कोण करणार?

चाक घसरण्याचं मी मुद्दाम सांगतोय. हा ब्रेक फक्त ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांनाच लागतो, बहुतेक पिकअपला मागच्या. परत येताना गाडी रिकामी, मागचा भाग हलका, आणि जुलैतला ओला घाट, धुकं. अशा वेळी चालू एक्झॉस्ट ब्रेकने मागचं ढुंगण फिरू शकतं.

तर भावाला मी सांगितलं, तुझ्या गाडीचा लॉक-अप बाहेरून धरून ठेवता येतो का हे गिअरबॉक्सचं काम करणाऱ्याकडून कळेपर्यंत बसवू नको. तोवर घाटाच्या डोक्यावरच, स्पीड वाढायच्या आधी, मॅन्युअल मोडला टाकून तिसरा किंवा दुसरा गिअर धर आणि आरपीएमची सुई बघ. पाय काढल्यावर सुई गाडीच्या स्पीडसोबत राहिली तर लॉक-अप बसलाय, स्पीड तेवढाच असून सुई एकटीच खाली पडली तर सुटलाय. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही, एकदा जोरात लावून स्पीड उतरवायचा आणि सोडायचा. आणि न्यूट्रल मारून उतरणं तर विसरूनच जा. डिझेल वाचतं म्हणतात पण उलटं आहे, गिअरमध्ये पाय काढला की आताच्या इंजिनात डिझेल जवळपास बंद होतं, न्यूट्रलला मात्र आयडलवर जळत राहतं.

परवा वाशीहून त्याचा फोन आला. ऑइल नवं, पूर्ण घाट बहुतेक दुसऱ्या गिअरला, ४० च्या आत. खाली उतरून चहाला थांबला आणि चाकाजवळ हात नेऊन बघितला तर नुसता कोमट वाफारा, वास नाही.