सामायिक शिवण कार्यशाळा (ठाणे–नवी मुंबई)

अनेक स्वतंत्र फॅशन डिझायनर भाडे वाटून घेऊन कटिंग टेबल, मशिनी व इस्त्री एकत्र वापरतात, अशा जागेला सामायिक शिवण कार्यशाळा म्हणतात. इंडस्ट्रियल मशीनची थरथर राहत्या इमारतीत खालच्या घराला सोसत नाही. त्यामुळे ठाण्यात वागळे इस्टेटमधला आणि नवी मुंबईत रबाळे-महापे पट्ट्यातला गाळा सोयीचा पडतो. वागळे इस्टेट ही १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीची पहिली वसाहत. कापडासाठी मुंबईतला हिंदमाता बाजार आणि लेस-बटणांसाठी भुलेश्वर गाठावे लागते, म्हणून गाळा स्टेशनपासून किती लांब आहे हे भाड्याइतकेच महत्त्वाचे.

गाळा पाहायला आलेला प्रत्येक जण मशिनी किती मावतील ते मोजतो. प्रत्यक्षात रांग लागते ती टेबलापाशी. प्लायवुडचे ८×४ फुटी तक्ते लांबीत जोडून केलेले टेबल ४८ इंच रुंद होते. ४४ इंची सुती कापडाला ते पुरते. ५८ इंची जॉर्जेट मात्र १० इंच खाली लोंबते, स्वतःच्या वजनाने ओढले जाते आणि उभा धागा सरकतो. कापताना हे कळत नाही. कुर्ता धुतल्यावर बाजूची शिलाई पोटावर येते तेव्हा कळते, आणि दोष शिवणाऱ्या कारीगराच्या माथी बसतो. म्हणून रुंदी साडेपाच फूट, उंची ३६ इंच ठेवावी. तक्त्यांचा सांधा घासून घ्यावा, नाहीतर शिफॉन त्यातच अडकते.

मशीन एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तिथे बहुतेक भांडणे उगवतात. आधीच्याने १६ नंबरच्या सुईवर डेनिम शिवलेले असते. पुढचा तीच सुई जॉर्जेटवर चालवतो आणि धागे ओढले जातात. जॉर्जेटला ९ नंबर हवी, साध्या सुतीला ११ किंवा १४. सुई बसवताना लांब खाच डावीकडे यावी. उलटी बसली की टाके सुटतात. मग बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) दोऱ्याला धरून लोंबकळत सोडावी आणि हलका झटका द्यावा. ती इंचभर खाली सरकून थांबली तर ताण बरोबर. आपोआप घरंगळली तर स्क्रू सैल आहे. शेवटी चिंधी दुहेरी करून हातभर शिलाई मारावी. बंद पडून राहिलेल्या मशीनचे तेल पहिल्या टाक्यांना लागते, ते चिंधीवरच गेलेले बरे.

क्लच मोटर पाय उचलल्यावरही गुरगुरत वीज खाते, म्हणून बिल समान वाटायचे असेल तर पायडल दाबल्यावरच फिरणारी सर्वो मोटरच घ्यावी. वाफेच्या इस्त्रीला विजेची वेगळी लाइन द्यावी. तिच्यात क्षारयुक्त पाणी घातले की पांढऱ्या कापडावर तपकिरी डाग पडतात. पावसाळ्यात ब्राउन पेपरचे पॅटर्न (कापड कापायचे कागदी साचे) ओल धरून फुगतात, तेव्हा नेहमीचे माप जाड कार्डावर उतरवून ठेवावे.

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असावा. डिझाइन कायदा, २००० खाली नक्षीला १० वर्षे आणि वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते, पण अर्जाआधी ती प्रसिद्ध झालेली चालत नाही. शेजारच्या टेबलावरच्या कुणी कौतुकाने काढलेला फोटो इन्स्टाग्रामवर गेला, तरी अर्ज अडचणीत येतो.