पार्श्वभूमी: पायथनमधून सी, आणि गृहीत धरलेला इंट

टॉवेलचे डिझाइन पायथनमध्ये करून सोलापुरातल्या एखाद्या शेडमधल्या इलेक्ट्रॉनिक जकार्डला (धागे उचलून नक्षी विणणाऱ्या यंत्राला) पाठवायचे, तर मधे सी या भाषेतली लायब्ररी येते. यंत्राबरोबर बहुधा डीएलएल (कंपाइल केलेल्या लायब्ररीची फाइल) मिळते, सोर्स नाही. धागे उचलणाऱ्या 1344 हुकांना हुकामागे एक बिट धरला, तर बाण्याच्या एका धाग्याला 168 बाइट लागतात. एवढे बाइट पाठवणे सोपे. घोळ होतो तो लायब्ररीने परत दिलेला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, सांभाळताना. आणि या घोळाचे मूळ जुने आहे.

सुरुवातीला दोन भाषांना जोडणारा मधला जोडकोड हाताने लिहीत. 1990च्या दशकाच्या मध्याला हेडर (फंक्शनच्या घोषणांची फाइल) वाचून तो तयार करणारी साधने आली. 1996 च्या सुमारास आलेल्या लिबएफएफआय या लायब्ररीमुळे फंक्शनचे प्रकार प्रोग्राम चालू असतानाच सांगता येऊ लागले. 2006 मध्ये, पायथन 2.5 पासून, सी-मधली फंक्शन वापरू देणारे सीटाइप्स हे मॉड्यूल स्टँडर्ड लायब्ररीत आले आणि कंपायलरशिवाय डीएलएल उघडता येऊ लागली.

ज्या निर्णयावर वाद आहे, तो सीटाइप्समधलाच. फंक्शनच्या परताव्याचा प्रकार सांगितला नाही, तर सीटाइप्स तो इंट (सी-मधला पूर्णांक) धरते. जुन्या सी-मध्ये न घोषित केलेल्या फंक्शनबाबत हीच सवलत होती. 1999 च्या मानकाने ती काढली. पायथनवाल्यांनी ती मागच्या दाराने परत आत घेतली, असेच म्हणावे लागते. 32-बिट यंत्रांवर इंट आणि पॉइंटर दोन्ही 4 बाइटचे, म्हणून कुणाला झळ लागली नाही. 64-बिटवर पॉइंटर 8 बाइटचा झाला आणि वरचा अर्धा पत्ता गळू लागला. तो पॉइंटर साधा पूर्णांक म्हणून पुढच्या फंक्शनला दिला, की तिथेही पुन्हा कात्री. पत्ता लहान असेल त्या दिवशी सगळे सुरळीत, एरवी क्रॅश. म्हणून चूक महिनोन्महिने सापडत नाही.

या निर्णयाच्या समर्थकांचे म्हणणे खोटे नाही: डीएलएलमध्ये प्रकारांची माहिती नसते आणि कितीतरी सी-फंक्शन इंटच देतात. पण माहिती नसेल तर अडवायला हवे होते. 2012 च्या सीएफएफआय या दुसऱ्या पायथन-लायब्ररीने तेच केले: सी-मधली घोषणा जशीच्या तशी द्या, नाहीतर फंक्शन हाती लागणार नाही.

बाकीचे खाचखळगे यापुढे किरकोळ. लाँग हा सी-मधला पूर्णांक 64-बिट विंडोजवर 4 बाइटचा, लिनक्सवर 8 चा. सी-ने दिलेली स्ट्रिंग कॅरेक्टर-पॉइंटर म्हणून घेतली, तर पायथन तिची प्रत काढते आणि मूळ पत्ता हरवतो. मग ती मोकळी करायची कशी? त्यासाठी व्हॉइड-पॉइंटर (प्रकार न सांगितलेला नुसता पत्ता) घ्यावा लागतो.

जावा भाषेकडे सी-शी जोडण्यासाठी 1997 पासून जेएनआय होते, म्हणजे पुन्हा जोडकोडच. मार्च 2024 च्या जेडीके 22 या जावाच्या आवृत्तीत नवी सोय पक्की झाली. तिच्यात मेमरीची मुदत ठरलेली असते आणि फंक्शनचे प्रकार आधी लिहावेच लागतात. सीटाइप्समध्ये न सांगितलेला परतावा मात्र अजून इंटच आहे. आता बदलला तर चालू कोड मोडेल.