चौथी वीट हवेची

नव्या इमारतीची जाहिरात म्हटली की हल्ली 'ग्रीन होम' हे शब्द असतातच. दर्शनी भागाला चकचकीत काच, प्रत्येक खोलीत एसी आणि गच्चीवर थोडी सोलर पॅनेल. पुढे वीज किती वाचेल ते ठळक छापतात. इमारत उभी करताना किती ऊर्जा जळली, ते मात्र कुणी छापत नाही.

वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तो हिशेब आयुष्यभर मांडला. जन्म 1917, बर्मिंगहॅमचा. पाच मैलांच्या आत मिळेल त्याच साहित्यातून घर बांधावं, हे गांधीजींचं बोलणं त्यांनी मनावर घेतलं. तिरुवनंतपुरमच्या नालंचिरा भागात त्यांनी स्वतःचं घर बांधलं, 'हॅम्लेट'. जागा खडकाळ उताराची. ती सपाट करायच्या भानगडीत न पडता त्यांनी घरच उताराच्या कलाने वर-खाली नेलं. तिथल्या दमट हवेत दिवस-रात्रीच्या तापमानात फरक थोडा, त्यामुळे नुसत्या जाड भिंतींचा उपयोग बेताचा. घाम वाळवणारा वारा हवा, म्हणून बेकरांच्या घरांत विटांच्या जाळ्या दिसतात.

पण माझा जीव जडलाय तो त्यांनी केरळात रूढ केलेल्या 'रॅट-ट्रॅप बाँड'वर. विटा रचण्याची ही पद्धत मूळची इंग्लंडमधली. वीट धरा 9 × 4.5 × 3 इंचांची. नेहमी आपण ती आडवी बसवतो. इथे ती कडेवर उभी करायची. दोन विटा समोरासमोर, मध्ये 3 इंचांची पोकळी, आणि शेजारी एक वीट भिंतीच्या आरपार. झाला 12 इंच लांब, 4.5 इंच उंच, 9 इंच जाड तुकडा. तेवढ्याच भरीव तुकड्याला 4 विटा लागतात, इथे 3 पुरतात. पोकळीचं माप बरोब्बर एका विटेचं! सिमेंटच्या सांध्यांची जाडी धरली तर आकडे थोडे हलतील, पण 25 टक्के बचत ही अशी आकृतीतूनच निघते. भट्टीतल्या एका विटेमागे साधारण एक युनिट विजेइतकी ऊर्जा जळते, हे लक्षात घेतलं की घरात पहिला दिवा लागण्याआधीच किती वाचलं ते कळतं.

या भिंतीला थर्मास म्हणणारे उत्साही लोकही भेटतात. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे 0.026, विटेची 0.7 च्या आसपास. म्हणजे हवा सत्तावीस पट सरस? नाही. 3 इंचांच्या पोकळीत हवा स्थिर राहत नाही. तापलेल्या बाजूने ती वर चढते, थंड बाजूने उतरते आणि उष्णता पोचवते. शिवाय एक बाजू दुसरीकडे अवरक्त किरणांनी उष्णता फेकते, तिला हवा आडवी येत नाही. सगळं धरून पोकळीचा उष्णतारोध साधारण 0.18, तितक्याच जाडीच्या विटेचा 0.11. जेमतेम दीडपटीच्या थोडा वर. त्यात आरपार विटा उष्णतेला पूल बांधून देतात. फायदा आहे, पण बेताचा.

'वास्तू'साठी चांगल्या भिंती फोडणाऱ्यांनी एवढं गणित केलं असतं तर पश्चिमेच्या भिंतीला सावली देऊन मोकळे झाले असते.

अडचण उरते गवंड्याची. विटा सरळ कडांच्या हव्यात, पोकळीत माल सांडता कामा नये, आणि नळ-वायरी कुठून जाणार हे आधी ठरवावं लागतं. नंतर छिन्नी चालवली की ती थेट पोकळीत घुसते.