श्वासाचं खरं काम कुठे चालतं, हे कळायला एवढी वर्षं का लागली

ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर, हे आज शाळेतलं पोरगंही सांगतं, पण एवढंसं वाक्य जुळायला दीड हजाराहून जास्त वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी गॅलेनच्या शब्दावर विश्वास ठेवण्यात गेली. दुसऱ्या शतकातला हा मोठा वैद्य, त्याचं म्हणणं असं की हृदयात उष्णता असते आणि श्वास ती थंड ठेवतो, शिवाय हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि रक्त तिथून पलीकडे झिरपतं. १३व्या शतकात कैरोमधे इब्न अल-नफीस या वैद्याने सरळ लिहिलं की अशी छिद्रं नाहीतच, रक्त फुफ्फुसातून फिरून येतं. युरोपात मात्र बराच काळ गॅलेनच चालला.

मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १६६७ चा लंडनच्या रॉयल सोसायटीतला रॉबर्ट हूकचा प्रयोग. वाचायला त्रास होतो, कारण तो जिवंत कुत्र्यावर केलेला होता आणि आधी एकदा केल्यावर खुद्द हूकलाच तो परत करायची इच्छा नव्हती. पण प्रश्न एकदम नेमका होता, जीव कशामुळे टिकतो, फुफ्फुसाच्या हलण्यामुळे की ताज्या हवेमुळे? त्याने छाती उघडून फुफ्फुसाच्या वरच्या आवरणाला बारीक भोकं पाडली आणि दोन भाते लावून हवा सतत आत सोडली, म्हणजे हवा भोकांतून बाहेर जात राहिली आणि फुफ्फुस फुगलेलंच, जराही न हलता. कुत्रा जिवंत राहिला. हवा थांबवली की तडफडायचा, सुरू केली की सावरायचा. दोन वर्षांनी रिचर्ड लोअरने दाखवलं की काळपट रक्त लालभडक होतं ते फुफ्फुसात हवा मिळाल्यामुळेच.

आता हवेतलं नेमकं काय लागतं? इथे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए येतो. १७८० च्या दशकात त्याने आणि लाप्लासने गिनीपिगला बर्फाच्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळला आणि किती वायू बाहेर पडला ते मोजलं आणि ठरवलं की श्वसन म्हणजे संथ ज्वलन. विचार जबरदस्त, फक्त हे ज्वलन तो फुफ्फुसात चालतं असं समजत होता. त्यावर गणितज्ञ लाग्रांजची शंका साधी होती, सगळी उष्णता तिथेच तयार होत असेल तर फुफ्फुसं भाजून निघायला नकोत का? १८३७ ला जर्मन शास्त्रज्ञ माग्नुसने शुद्ध आणि अशुद्ध दोन्ही रक्तांत ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून दाखवले, आणि पुढे १८७० च्या दशकात जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ प्फ्लुगरच्या कामातून पक्कं झालं की ऑक्सिजन खर्च होतो तो शरीरभरच्या पेशींत, फुफ्फुस ही फक्त देवाणघेवाणीची जागा.

श्वास घ्यायची ओढ कशाने लागते हे तर त्याहूनही उशिरा कळलं. १९०५ मधे हाल्डेन आणि जॉन प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवलं की एरवी ही ओढ ऑक्सिजन कमी झाल्याने नाही तर कार्बन डायऑक्साइड वाढल्याने लागते, फुफ्फुसातल्या हवेत तो ०.२ टक्के वाढला तरी श्वसन जवळपास दुप्पट होतं. म्हणूनच पाण्यात बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेणं धोक्याचं असतं, कार्बन डायऑक्साइड आधीच धुऊन निघालेला, त्यामुळे श्वास घ्यावासा वाटतच नाही, आणि तेवढ्यात ऑक्सिजन संपून माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होतो.