मावळतीवरून हवेचे आडाखे (इंदूर, माळवा)

दिवस बुडताना पश्चिमेचा रंग, ढगांची ठेवण, वारा आणि धूर पाहून उद्याच्या हवेचा अंदाज बांधण्याची लोकरीत. इंदूरभोवतालच्या माळव्यात ती शेतकऱ्यांकडून चालत आली. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरांनी तिला आपल्या पावसाच्या नक्षत्रांची जोड दिली. त्यामुळे इथल्या जुन्या बोलण्यात मृग-आर्द्रा आणि पुरवाई-पछुवा (पूर्वेचा आणि पश्चिमेचा वारा) एकाच वाक्यात भेटतात.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. काळ्या मातीचे पठार बहुतेक सपाट असल्याने वस्ती सुटली की क्षितिज मोकळे मिळते. बिजासन टेकडी, सिरपूर तलावाचा काठ आणि यशवंत सागर या मावळत पाहण्याच्या ओळखीच्या जागा. महूच्या पुढे जाम दरवाज्यापाशी पठार संपते आणि खाली निमाडचा प्रदेश पसरलेला दिसतो. भारतीय प्रमाणवेळेची रेषा (८२.५° पूर्व) बरीच पूर्वेला असल्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या मानाने सुमारे २६ मिनिटे उशिरा मावळतो. जूनअखेर सव्वासात होतात, तर डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहाच्या आतच अंधारू लागते. मावळतीची जागाही सरकते. जूनमध्ये ती नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला असते आणि डिसेंबरात तितकीच दक्षिणेला. एकाच ओट्यावर बसून वर्षभर पाहिले, तर सूर्य उन्हाळ्यात शेजारच्या कडुनिंबामागे आणि थंडीत पाण्याच्या टाकीमागे बुडतो.

क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यापेक्षा सुमारे ३८ पट हवेतून येतो. वाटेत हवेचे रेणू निळा प्रकाश इतस्ततः उधळून देतात आणि आपल्यापर्यंत तांबडा-नारिंगी उरतो. वातावरण किरणांना वाकवते, म्हणून क्षितिजाला टेकलेले बिंब दिसते तेव्हा सूर्य खरे तर क्षितिजाखाली गेलेला असतो. बिंब टेकल्यापासून पुरते बुडेपर्यंत इथे जेमतेम सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. आडाखे बांधणाऱ्याचे काम मात्र त्यानंतर सुरू होते, कारण रंग पुढची वीसेक मिनिटे बदलत राहतात.

‘संध्याकाळी आभाळ तांबडे, तर उद्या ऊन’ हा आडाखा जगभर ऐकू येतो. युरोपातले मेंढपाळ आणि खलाशी त्यावर विसंबत, आणि त्यांच्यापुरता तो बरोबरही होता. त्या अक्षांशांत हवेच्या प्रणाली पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. मावळतीचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचला याचा अर्थ पश्चिम मोकळी आहे, आणि येणारी हवा तिथूनच यायची आहे. माळव्यात हा नियम वर्षातला काही काळच चालतो, आणि या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ (ढग-पाऊस आणणाऱ्या प्रणाली) इराण-अफगाणिस्तानमार्गे उत्तर भारतात येतात. त्यांच्या शेपटामुळे इंदूरकडे ढग येतात, कधी मावठा, म्हणजे थंडीतला पाऊस, पडतो. (हा शब्द मराठीत मावठा किंवा मावठे आणि माळव्यातही मावठाच, दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना गहू-हरभऱ्यावर तो हलका पडावासा वाटतो.) त्या दिवसांत पश्चिम लखलखीत तांबडी दिसली तर दुसरा दिवस कोरडा जाण्याची शक्यता खरोखरच मोठी असते.

पावसाळ्यात पाऊस उलट्या बाजूने चालून येतो. कमी दाबाची क्षेत्रे बंगालच्या उपसागरात तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिम-वायव्येकडे सरकत माळव्यात येतात. अशा वेळी मावळतीला सोन्यासारखे ऊन पडलेले असते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ते तुंबतात. श्रावणातल्या संध्याकाळचे इंद्रधनुष्यही असेच फसवते. सूर्य पश्चिमेला, म्हणून धनुष्य पूर्वेला. थंडीत त्याचा अर्थ पाऊस पुढे निघून गेला असा होईल. पण श्रावणात तोच पाऊस आपल्याकडे येत असू शकतो. म्हणून जुनी माणसे पावसाळ्यात मावळतीला पाठ करून उगवतीकडे पाहत, हे मला नेहमीच फार शहाणपणाचे वाटत आले आहे.

रंगाची जातही पाहावी लागते. पाऊस पडून धुतलेल्या हवेतला तांबडा रंग स्वच्छ असतो, तर दमट हवेतला मळकट आणि फिका. मार्च-एप्रिलात गव्हाची कापणी झाल्यावर शेतात नरवाई, म्हणजे मागे उरलेली ताटे, जाळली जाते. तेव्हा सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा बुडतो. तो रंग केवळ धुराचा असतो आणि त्यावरून हवेविषयी काहीच सांगता येत नाही.

या रीतीची लेखी मुळे जवळच सापडतात. उज्जैन इंदूरपासून सुमारे ५५ किलोमीटर. सहाव्या शतकातल्या ज्योतिषी वराहमिहिराचे नाव तिथल्या अवंती प्रदेशाशी जोडलेले आहे आणि त्याच्या बृहत्संहितेत संध्याकाळच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे. ढगांना गर्भ राहतो आणि १९५ दिवसांनी तो पाऊस होऊन प्रसवतो, असा हिशेबही त्यात दिला आहे. आषाढी पौर्णिमेला सूर्य मावळताना वारा कुठून वाहतो, त्यावरून वर्षाचे पीकपाणी सांगण्याची रीतही त्यात आहे. जयपूरच्या जंतरमंतरवर ध्वज लावून ही वायुपरीक्षा अजूनही करतात. लोकांच्या तोंडी मात्र भाडळीच्या नावाची पाऊसपाण्याची वचने राहिली. महाराष्ट्रात ती सहदेव-भाडळी म्हणून ओळखली जाते, उत्तरेकडे भड्डरी किंवा भड्डली. ‘शुक्रवार की बादरी, रहे सनीचर छाय’, म्हणजे शुक्रवारचे ढग शनिवारीही टिकले तर बरसल्यावाचून जात नाहीत, हे वचन इंदूरच्या मराठी आजीबाईही मूळ बोलीतच म्हणतात. त्यातले वार बाजूला ठेवले तर उरते ते खरे निरीक्षण आहे. रात्रभर न विरलेला ढग दिवसाच्या उन्हाने उठलेला नसतो, त्याच्यामागे मोठी प्रणाली असते.

नक्षत्रांची बाजू मराठी. सूर्य मृगात जातो ७-८ जूनला, इंदुरात पाऊस सुरू होतो साधारण जूनच्या मध्यावर. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. ‘पडल्या स्वाती, तर पिकतील माणिकमोती’ ही म्हण ऑक्टोबरअखेरच्या ओलीसाठी आहे आणि गहू-हरभरा पेरणाऱ्या माळव्याला ती चपखल बसते. तितराच्या पिसांसारख्या ढगांना इथे तीतरपंखी म्हणतात आणि ते पावसाची खूण मानतात. चंद्राचे खळे (त्याच्याभोवती दिसणारे कडे) लांब तर पाऊस जवळ, असेही सांगतात. चंद्राभोवतीचे मोठे खळे उंचावरच्या बर्फकणांच्या पातळ ढगांमुळे पडते आणि असे ढग पुष्कळदा पावसाच्या प्रणालीच्या पुढे धावतात. टिटवीची अंडी चार म्हणजे पाऊस चार महिने, हा आडाखा मात्र टिकणारा नाही, कारण टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते.

सगळ्यांत भरवशाची खूण थंडीतली आहे, आणि ती रंगाची नाही. जानेवारीतल्या एका संध्याकाळी इंदूरजवळच्या हातोदच्या वाटेवर ती मी बांधावर उभे राहून पाहिली. बिंब बुडाले तसा वारा पडला. पूर्वेला क्षितिजालगत निळसर करडा पट्टा वर चढू लागला, त्याच्यावर गुलाबी कड. तो पट्टा म्हणजे पृथ्वीचीच हवेवर पडलेली सावली. गावातल्या चुलींचा धूर घरांच्या थोडा वर गेला आणि तिथेच अडून आडवा पसरला, हरभऱ्याच्या शेतावर चादर अंथरावी तसा. जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून थंड झाली की धूर असा अडतो. आभाळ निरभ्र असेल तर रात्री जमिनीची उरलीसुरली ऊबही निघून जाते आणि पहाटे पाला, म्हणजे गोठलेले दव, पडतो. पाल्याने बटाटा, वाटाणा, हरभरा करपतात. शेतातल्या काकांनी धुराकडे एकदा पाहिले, ‘आज पडणार’ एवढेच म्हणाले आणि मोटर चालू करायला विहिरीकडे गेले. ओल्या मातीत ऊब जास्त वेळ राहते, म्हणून अशा रात्री हलके पाणी देतात. वाऱ्याच्या बाजूच्या बांधावर ओला काडीकचरा रचलेला होता, तो मध्यरात्रीनंतर पेटवायचा होता.