आगीतून येणारं गाणं

एका बाईला लाकडी पेटीत बसवतात. झाकण बंद होतं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती पेटी घराच्या मधोमध पेटलेल्या आगीत ढकलली जाते. लाकूड तडतडतं, मांस जळल्याचा वास सुटतो. आणि मग त्या ज्वाळांमधूनच तिचं गाणं ऐकू येऊ लागतं.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर भागात आणि समोरच्या मुख्य भूमीवर राहणाऱ्या क्वाक्वाक्यवाक्व लोकांच्या हिवाळी सोहळ्यातला हा प्रसंग. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी 1897 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रयोग नोंदवले आणि त्यांमागची करामतही. बोआस यांचं नाव सगळे घेतात. पण ही माहिती गोळा करण्यात सिंहाचा वाटा जॉर्ज हंटचा. तो व्हँकुव्हर बेटावरच्या फोर्ट रुपर्टमध्ये वाढलेला, आई त्लिंगित जमातीची, बाप इंग्रज, आणि या लोकांची क्वाक्वाला भाषा त्याच्या जिभेवर लहानपणापासून.

करामत अशी की पेटीचा तळ खोटा असे. बाई खालच्या चरात उतरून निसटायची, आगीत जळायचा तो पेटीत ठेवलेला सील. आणि गाणं? ते यायचं समुद्रातल्या शेवाळाच्या नळीतून. एक टोक गाणाऱ्याच्या तोंडाशी, दुसरं जमिनीखालून थेट आगीपाशी.

शेवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विहिरीच्या पायरीवरचा हिरवा थर येतो. हे तसलं नव्हे. बुल केल्प नावाचं हे तपकिरी शेवाळ एकाच हंगामात वाढून तीसेक मीटर लांब होतं. त्याचा देठ वरच्या भागात पोकळ असतो, टोकाला फुगा असतो, आणि त्या फुग्यातल्या वायूत चक्क कार्बन मोनॉक्साइड सापडतो. तिथल्या लोकांनी या देठांचे मासेमारीचे दोर केले, माशाचं तेल साठवायला नळ्या केल्या. त्यातून आवाज नेण्याची युक्ती कुणाला कधी सुचली कोण जाणे, पण भौतिकशास्त्र पक्कं आहे. मोकळ्या हवेत आवाज चहूबाजूंना पसरतो आणि अंतर दुप्पट झालं की त्याची तीव्रता चौथाईवर येते. नळीत त्याला पसरायला जागाच नसते. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप याच तत्त्वावर चालतो, जुन्या जहाजांवर कप्तानाचा हुकूम खाली इंजिनघरात पोचायचा तोही अशाच नळीतून. नळीच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणात वरच्या पट्टीचे स्वर अधिक विरतात, त्यामुळे पलीकडे निघणारा आवाज जरा दबलेला, घोगरा होतो. आगीतून गाणाऱ्या बाईला तेही शोभूनच दिसत असणार.

या लोकांच्या मुखवट्यांची छायाचित्रं पुष्कळांनी पाहिली असतील. काळे-पांढरे-लाल रंग, लांबलचक चोची, वटारलेले डोळे. छायाचित्रात ते शिल्प वाटतात. खरं तर ती यंत्रं आहेत, आणि त्यांचा निम्मा भाग कानांसाठी आहे.

शिट्ट्यांचंच बघा. हामात्सा हा हिवाळी सोहळ्यातला सर्वांत मानाचा नाच. ज्याला त्याची दीक्षा घ्यायची तो तरुण आधी नाहीसा होतो. जगाच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या, अंगभर तोंडं असलेल्या नरभक्षक शक्तीने त्याला नेलं असं मानतात. तो परततो तेव्हा त्याच्या अंगात तीच भूक शिरलेली असते, आणि नाचागणिक त्याला पुन्हा माणसांत आणलं जातं. ती शक्ती जवळ आहे हे कळतं शिट्ट्यांवरून. शिट्टी म्हणजे त्या शक्तीचा आवाज, म्हणून ती वाजवणाऱ्याच्या हातात दिसता कामा नये.

शिट्टीची घडण साधी आहे. सीडर या तिथल्या झाडाच्या लाकडाचा तुकडा उभा चिरायचा, दोन्ही अर्ध्या भागांना आतून पोखरायचं, पुन्हा जोडून दोऱ्याने घट्ट बांधायचं. अरुंद फटीतून येणारा श्वास समोरच्या धारेवर आपटतो, कधी धारेच्या आत वळतो कधी बाहेर, आणि ही ये-जा आतल्या हवेच्या स्तंभाशी जुळली की स्वर उमटतो. बासरीचंही हेच. एका बाजूने बंद असलेली 15 सेंटिमीटरची नळी साधारण 570 हर्ट्झचा स्वर देते. लांबी निम्मी केली की स्वर बरोबर एक सप्तक वर. काही शिट्ट्यांत एकापेक्षा जास्त कप्पे असत आणि एका फुंकरीत अनेक स्वर निघत. काहींना तर छोटा भाता जोडलेला असे. घोंगडीखाली काखेत तो दाबला की झालं, तोंड लावायचीही गरज नाही.

पण आवाज कुठून येतोय हे लोकांना कळत कसं नसे? दोन कानांवर आवाज पोचण्यात जो सूक्ष्म फरक पडतो त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. खालच्या पट्टीत वेळेचा फरक कामी येतो, वरच्या पट्टीत डोक्याच्या आडोशामुळे पडणारा तीव्रतेचा. मधल्या टापूत, म्हणजे 1500 ते 3000 हर्ट्झच्या आसपास, दोन्ही खुणा कच्च्या पडतात. त्यातून सूर सलग असेल आणि बंद घराच्या लाकडी भिंतींवरून परतत असेल, तर तो सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो. हा हिशोब कुणी मांडून शिट्ट्या कोरल्या असं मी म्हणत नाही. पण कान हेच प्रयोगशाळेतलं उपकरण असेल आणि पिढ्यान्‌पिढ्या हिवाळे हातात असतील, तर हिशोब आपोआप होतो.

हामात्साच्या पाठोपाठ येतात ते पक्षी. हुक्सहुक हा लांब सरळ चोचीने माणसाची कवटी फोडून मेंदू खाणारा. एक नरभक्षक कावळा. आणि एक वाकड्या चोचीचा. काही चोची मीटरभराहून लांब असतात. मुखवटा चेहऱ्यावर नसतो, कपाळावर तिरका चढवून अंगाला बांधलेला असतो, आणि सीडरच्या सालीच्या झिरमिळ्यांमागे नर्तक लपतो. तो खाली बसतो, मान फिरवतो, दोरी ओढतो. बिजागरीवरचा खालचा जबडा वरच्यावर आदळतो: खट्, खट्, खट्. जबडा आतून पोकळ, त्यामुळे आवाज खणखणीत घुमतो.

इतकं लांब धूड मानेवर पेलायचं तर लाकूड हलकंच हवं. तिथला रेड सीडर घनमीटरला जेमतेम 370 किलो भरतो. आपलं सागवान 650च्या आसपास. रेड सीडरचे धागे सरळ असल्याने तो पाचर ठोकून फळ्याफळ्यांनी फाटतो आणि सुताराच्या वाकसाखाली छान निघतो. नावावरून याला देवदार समजू नका. त्याचं कुळ वेगळं, शास्त्रीय नाव थुजा. शाळेत वहीच्या पानांत ‘विद्या’ म्हणून जी चपटी हिरवी डहाळी आपण जपायचो, त्या मोरपंखीचं हे नात्यातलं झाड. मोरपंखीलाही पूर्वी थुजाच म्हणत. रेड सीडरच्या गाभ्यात थुजाप्लिसिन नावाची बुरशीनाशक रसायनं असतात, म्हणून पावसाने कायम भिजलेल्या त्या किनाऱ्यावरही त्याचं लाकूड टिकतं.

रूप बदलणारे मुखवटे हा यातला कळस. वरून पक्षी किंवा मासा. दोऱ्या ओढल्या की चेहरा पाकळ्यांसारखा उलगडतो आणि आतून माणसाचा चेहरा बाहेर येतो. पूर्वज प्राण्याचं कातडं उतरवून माणूस झाले, ही घराण्याची कथा त्या एका क्षणात दिसते. ती दाखवण्याचा हक्कही घराण्याचा असतो. मुखवटा कोरता येतो म्हणून कुणीही तो नाचवू शकत नाही.

रंगाचं थोडक्यात सांगतो. काळा कोळशाचा, लाल गेरूसारख्या लोहयुक्त मातीचा, आणि चिकटपणासाठी सामन माशाची अंडी. सीडरच्या सालीसोबत ती चघळायची आणि तो रस रंगात मिसळायचा. अंड्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश वाळल्यावर पक्का थर धरतात; युरोपातले जुने चित्रकार कोंबडीच्या अंड्यातला बलक वापरत, तशातलाच प्रकार. पुढे दुकानातले चकचकीत रंग आले तेही कारागिरांनी आनंदाने घेतले. 1967 साली वारलेल्या विली सीवीड या थोर कारागिराच्या मुखवट्यांवर तर डोळ्यांच्या वर्तुळांत कंपासच्या टोकाची भोकं सापडतात.

हे सगळं कॅनडा सरकारने कायद्याने बंद केलं. 1885 पासून पॉटलॅच, म्हणजे ज्यात हे नाच होतात आणि यजमान भरभरून वाटप करतो तो सोहळा, हा गुन्हा ठरला. 1921 साली व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला, 45 जणांवर खटले झाले, वीस-एक जण तुरुंगात गेले आणि मुखवटे, शिट्ट्या, तांब्याच्या ढाली सरकारने नेल्या. बहुतेक वस्तू ओटावा आणि टोरंटोच्या संग्रहालयांत पोचल्या, काही न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाला विकल्या गेल्या. बंदीचं कलम 1951 साली गळलं. 1953 मध्ये याच समाजातले कारागीर मंगो मार्टिन यांनी व्हिक्टोरियात स्वतः बांधलेल्या घरात उघडपणे पॉटलॅच केला.

जगभरच्या संग्रहालयांनी अशा वस्तूंना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगं फासली. कपाटात ठेवायच्या वस्तूला ते चालून जातं. पण तीच परत येऊन कपाळावर चढणार असेल, घामाने भिजणार असेल, तिच्यातली शिट्टी ओठांना लागणार असेल, तर? म्हणून परत मिळालेल्या वस्तूवर आता आधी क्ष-किरण प्रतिदीप्तीचं यंत्र फिरवतात. ते प्रत्येक मूलद्रव्याची सही ओळखतं आणि लाकडाला ओरखडाही न काढता आर्सेनिक दाखवून देतं.

अॅटलाकिम नावाच्या नाचाचे वनदेवतांचे मुखवटे मात्र जपायचेच नसतात. ते नाचवून झाले की जाळायचे, पुढच्या वेळी नवे कोरायचे. कारागीर बो डिक यांनी 2012 साली व्हँकुव्हरच्या कलादालनात लावलेले आपले मुखवटे भिंतीवरून उतरवले, अलर्ट बे या गावी नेऊन नाचवले आणि आगीत घातले.

त्याच अलर्ट बेमध्ये 1980 साली उमिस्ता केंद्र उघडलं. पूर्वी शत्रूने पळवून नेलेला माणूस सुटून घरी आला की त्याला उमिस्ता लाभली असं म्हणत. 1921 नंतर नेलेले आणि परत मिळालेले मुखवटे तिथे सोहळ्यात येतात त्या क्रमाने मांडले आहेत, आणि त्यांच्यापुढे काच नाही. बराच काळ ते बंदिस्त होते, तेवढं पुरे झालं, असं तिथले लोक सांगतात.