सज्ञानता (भारतीय विधी)

सज्ञानता : स्वतःच्या मालमत्तेचे व देवघेवीचे व्यवहार स्वतःच्या नावाने आणि जबाबदारीवर करण्याची पात्रता ज्या वयात कायद्याने येते, ती अवस्था. तीपूर्वीची व्यक्ती ‘अज्ञान’ होय. भारतात सर्वसाधारण सज्ञान वय १८ वर्षे पूर्ण हे आहे व ते सज्ञानता अधिनियम, १८७५ अन्वये ठरते. ‘अज्ञान’ या शब्दाचा ‘अडाणी’ या अर्थाशी काही संबंध नाही. तरीही परिभाषा म्हणून तो फारसा सुखाचा नाही आणि बोलण्यात त्याच्याऐवजी बहुधा ‘नाबालिग’ किंवा ‘अल्पवयीन’ हेच शब्द येतात. महसुली दप्तराने मात्र तो जपला आहे. सातबाऱ्यावरील वारसाच्या नावापुढची ‘अ. पा. क.’ ही अक्षरे म्हणजे ‘अज्ञान पालन कर्ता’. वारस सज्ञान झाल्यावर वयाच्या पुराव्यासह अर्ज करून ती नोंद फेरफाराने कमी करून घ्यावी लागते. ती आपोआप जात नाही.

धर्मशास्त्रात या अर्थी ‘प्राप्तव्यवहार’ (व्यवहाराची पात्रता आलेला) हा शब्द येतो आणि विधिदृष्ट्या तो अधिक नेमका आहे. मनूने (८.२७) वय सांगितलेले नाही. बालकाचा वारसा राजाने तो गुरुगृहाहून परत येईपर्यंत किंवा त्याचे बाल्य संपेपर्यंत सांभाळावा, एवढेच त्याचे विधान आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात बारा वर्षांची स्त्री व सोळा वर्षांचा पुरुष प्राप्तव्यवहार मानले आहेत. त्या ग्रंथाचा काळ वादग्रस्त असल्याने या आकड्यांचे प्राचीनत्व निश्चित सांगणे कठीण. नारदस्मृतीत आठव्या वर्षापर्यंत शिशू गर्भस्थासारखा समजावा, ‘बाल आषोडशाद्वर्षात्’ (सोळाव्या वर्षापर्यंत बाल) आणि त्यानंतर तो व्यवहारज्ञ होतो, असे म्हटले आहे. पुढचा सगळा वाद या ‘आ’ उपसर्गाभोवती फिरला. पाणिनीने ‘आङ्’चे मर्यादा व अभिविधी असे दोन अर्थ दिले आहेत. मर्यादा घेतली, तर सोळावे वर्ष वगळायचे, म्हणजे पंधरा वर्षे पूर्ण होताच बाल्य संपते. अभिविधी घेतला, तर सोळावे वर्षही बाल्यात मोडते. बंगालमध्ये पहिला अर्थ रूढ झाला, मिताक्षरेचे (याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेचे) प्रामाण्य मानणाऱ्या प्रदेशांत बहुधा दुसरा. ब्रिटिश न्यायालयांनी हे मतभेद प्रांतनिहाय तसेच उचलले. कौटिल्याच्या ‘षोडशवर्षः पुमान्’ या शब्दांशी ताडून पाहता पूर्ण सोळा वर्षांचे मत अधिक ग्राह्य दिसते. मात्र जन्मनोंदीच नसलेल्या समाजात एका वर्षाचा हा भेद व्यवहारात किती पाळला गेला असेल, हा प्रश्नच आहे. मुस्लिम विधीत सज्ञानता यौवनावस्थेशी जोडलेली असून पुराव्याअभावी ती पंधराव्या वर्षाच्या पूर्तीला गृहीत धरतात.

अठराचा आकडा या दोन्ही परंपरांत रूढ नव्हता. तो इंग्लंडहून आला, ही समजूतही टिकत नाही. इंग्लिश कॉमन लॉमध्ये वय २१ होते आणि इंग्लंडने १८ स्वीकारले ते १९७० पासून. भारतात हा आकडा महसुलातून आला असावा. शेतसारा थेट सरकारात भरणाऱ्या जमीनदारांपुरती अज्ञानत्वाची मर्यादा बंगालच्या १७९३ च्या २६ व्या विनियमाने पंधरावरून अठरावर नेली. कोवळ्या जमीनदाराने इस्टेट उधळली, तर सारा बुडतो, हे कारण उघड आहे. पुढे बंगालसाठी १८५८ चा व मुंबई इलाख्यासाठी १८६४ चा अधिनियम आला. अज्ञानांच्या मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी त्यांनीही अठराच धरले. त्यामुळे एकाच गावात एक तरुण सोळाव्या वर्षी, तर दुसरा अठराव्या वर्षी सज्ञान, अशी स्थिती झाली. १८७२ च्या संविदा अधिनियमाने (कलम ११) ‘त्या व्यक्तीस लागू असलेल्या कायद्यानुसार’ सज्ञानता पाहावी असे म्हणून प्रश्न पुढे ढकलला, आणि १८७५ चा अधिनियम तीनच वर्षांत करावा लागला. न्यायालयाने पालक नेमला असेल किंवा मालमत्ता कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे (अज्ञानांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) असेल, तर वय २१, हा त्यातला अपवाद १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला.

वय मोजण्याची रीतही अधिनियमात दिली आहे : जन्माचा दिवस पूर्ण दिवस धरायचा आणि अठराव्या वाढदिवसाच्या प्रारंभी, म्हणजे आदल्या मध्यरात्री, व्यक्ती सज्ञान झाली असे मानायचे. जन्म सकाळी झाला की रात्री, हे पाहायचे नाही.

या अधिनियमाचे कलम २ सहसा दुर्लक्षिले जाते. विवाह, मेहेर, घटस्फोट व दत्तक यांबाबतची व्यक्तीची पात्रता, तसेच धर्म व धार्मिक आचार यांना अधिनियमाची बाधा येत नाही, असे ते सांगते. म्हणजे १८७५ ची सज्ञानता ही व्यवहाराची सज्ञानता आहे, सर्व प्रयोजनांची नव्हे. विवाहाचे वय वेगळ्या वाटेने वाढले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधास संमतीचे वय दहावरून बारा केले; त्यावरून महाराष्ट्रात टिळक एका बाजूला आणि रानडे, भांडारकर दुसऱ्या बाजूला, असा वाद पेटला. १९२९ च्या सारडा कायद्याने विवाहाचे वय मुलींसाठी १४ व मुलांसाठी १८ ठरवले, १९७८ मध्ये ते अनुक्रमे १८ व २१ झाले. परिणामी अठरा वर्षांचा पुरुष जमीन विकू शकतो, मतदान करू शकतो, पण लग्न करू शकत नाही. स्त्रियांचेही वय २१ करण्याचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आले, ते सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले.

‘विवाह’ आणि ‘अज्ञान व्यक्ती’ हे विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत (नोंद ५) असल्याने राज्यांना येथे वाव आहे. केंद्राच्या २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमानुसार बालविवाह सामान्यतः शून्यनीय, म्हणजे विवाहाच्या वेळी बालक असलेल्या पक्षाने अर्ज केल्यास रद्द होणारा आहे. कर्नाटकाने २०१६ च्या दुरुस्तीने तो मुळातच शून्य ठरवला. हिमाचल प्रदेश विधानसभेने ऑगस्ट २०२४ मध्ये मुलींचे विवाहवय २१ करणारे विधेयक संमत केले. मद्य हा तर राज्यसूचीतलाच विषय. त्यासाठीचे वय गोव्यात १८, केरळात २३ आणि दिल्लीत २५ आहे. गुन्हा करणाऱ्या मुलांविषयीचे कायदेही प्रथम प्रांतांनी केले : मद्रास १९२०, बंगाल १९२२, मुंबई १९२४. १९८६ च्या केंद्रीय बाल न्याय अधिनियमात मुलगा १६ व मुलगी १८ असा भेद होता, तो २००० मध्ये मिटवून दोघांसाठी १८ केले गेले. २०१५ च्या अधिनियमानुसार १६ ते १८ वयोगटातील व्यक्तीवर घृणास्पद गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवता येतो, पण त्याआधी बाल न्याय मंडळाने तिच्या मानसिक व शारीरिक क्षमतेची प्राथमिक पाहणी करावी लागते.

अज्ञानाने केलेला करार रद्द करता येण्याजोगा की मुळातच शून्य, हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) १९०३ मध्ये मोहरी बीबी वि. धर्मोदास घोष या खटल्यात सोडवला. कलकत्त्याच्या एका अज्ञान मालकाने सावकाराला २०,००० रुपयांचे गहाणखत करून दिले होते. सावकाराच्या प्रतिनिधीला त्याचे वय ठाऊक होते. करार मुळातच शून्य, असा निर्णय झाला. सज्ञान झाल्यावर जुन्या कराराला मान्यता देऊन तो जिवंत करता येत नाही, हे त्यातूनच निघते. जीवनावश्यक वस्तूंचा मोबदला मात्र अज्ञानाच्या मालमत्तेतून वसूल होतो (संविदा अधिनियम, कलम ६८). भागीदारीत त्याला केवळ लाभापुरते घेता येते आणि सज्ञान होणे व आपण लाभार्थी असल्याचे कळणे, यांपैकी जे नंतर घडेल तेव्हापासून सहा महिन्यांत भागीदार व्हायचे की नाही हे त्याने ठरवायचे असते. हिंदू अज्ञानाची स्थावर मालमत्ता नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही (हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६, कलम ८). विकलीच, तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत तो विक्रीला आव्हान देऊ शकतो. नैसर्गिक पालक ‘पिता व त्याच्यानंतर माता’ या शब्दांतील ‘नंतर’ म्हणजे ‘मृत्यूनंतर’च नव्हे, तर ‘अनुपस्थितीत’ असाही घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणात (१९९९) ठरवले.

मतदानाचे वय एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून २१ चे १८ झाले. लोकसभा व विधानसभेची उमेदवारी २५ वरच राहिली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास २०१६ पासून जवळजवळ सरसकट बंदी आहे. २०१२ चा लैंगिक अपराधांपासून संरक्षणाचा कायदा व २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा, दोन्ही अठरा हीच सीमा धरतात. वैद्यकीय संमतीसाठी स्वतंत्र सर्वसाधारण कायदा नाही.

वयाचा पुरावा हा न्यायालयांतील खरा झगड्याचा विषय. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात (कलम ९४) शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिकेचा वा पंचायतीचा जन्मदाखला आणि तोही नसल्यास हाडांची चाचणी, असा क्रम आहे. चाचणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच मान्य केले. शाळेच्या दाखल्याचेही फार खात्रीचे नसते. महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, तो गुरुजींनी पट भरताना सोयीने घातलेल्या तारखेमुळे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, मतदारनोंदणी इत्यादींसाठी जन्मतारखेचा पुरावा मानला जातो.